पश्चिमेची भिंत

ओतिल्या मारूश जिवंत कोळी पार्सलात बांधायला बसायची ती फक्त सोमवारी. गुरुवारी-शुक्रवारी पाठवलेलं पार्सल शनिवार-रविवार कुठल्या तरी गोदामात थंडीत पडून राहतं, आणि आतला जीव सोमवारपर्यंत तग धरेलच असं नाही. अकरा वर्षांत तिने हा नियम मोडला नव्हता.

वूच शहरातल्या एका जुन्या इमारतीत, सगळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावर तिचं दोन खोल्यांचं घर होतं. एका खोलीत ती राहायची आणि दुसऱ्या खोलीत दोनशे बारा टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी. नवरा गेल्यावर औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून तिने हा उद्योग सुरू केला, तेव्हा बहिणीने तिला वेड्यात काढलं होतं. पण औषधं मोजून मोजून बोटांना जी सवय झाली होती, ती इथे कामी आली. पोलंडभर तिचं नाव झालं. ओतिल्याबाईंकडून आलेला कोळी मेलेला निघत नाही, असं लोक एकमेकांना सांगत.

तिची पद्धत साधी होती. पारदर्शक गोल डबी, तळाला ओलसर टिश्यूपेपरची गादी, गादीच्या मधोमध खळगा. मऊ ब्रशने मागच्या पायांना जरासं डिवचलं की कोळी आपणहून पुढे सरकतो आणि खळग्यात बसतो. वरून कागदाचे बोळे. इतके घट्ट की त्याला हलता येऊ नये, आणि इतके सैल की पाय मोडू नये. प्रवासात थंडीखालोखाल कोळ्याला मारते ती मोकळी जागा. धक्का बसला की तो भिंतीवर आपटतो आणि पोट फुटतं. "तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळतात ना, तसं," ती नवख्यांना सांगायची. मग डबी थर्मोकोलच्या खोक्यात, भोवती चुरगळलेली वर्तमानपत्रं, झाकणाला आतून ऊब देणारी गरम पुडी, आणि वर तिच्या टपोऱ्या अक्षरांत: जिवंत प्राणी.

त्या सोमवारी, जानेवारीच्या शेवटी, ती खोकी घेऊन जिना उतरत होती तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे क्लेमेन्स व्रोना दार उघडून उभे होते. तिच्या बरोबर खालचं घर त्यांचं. चौतीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेला, एकटा, नीटनेटका म्हातारा. कोळ्यांची त्यांना भयंकर भीती. तिच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तरी ती घरी नसली की तिची पार्सलं तेच घेऊन ठेवायचे, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसा हात लांब करून.

"आज किती राक्षस चाललेत, ओतिल्याबाई?"

"नऊ."

"देव त्या टपालवाल्यांचं भलं करो. आमच्या वेळी पाकिटात फार तर वाईट बातमी असायची."

ती हसली. परत वर येऊन तिने कोळ्यांच्या खोलीचा दिवा लावला आणि पाण्याचा फवारा हातात घेतला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सगळे एकाच बाजूला बसलेत.

खोलीत तीन भिंतींना मांडण्या होत्या. खिडकी पूर्वेला. दोनशेतीन डब्यांतला प्रत्येक कोळी आपापल्या डबीच्या पश्चिमेच्या भिंतीला चिकटून होता. झाडावर राहणारे, बिळात राहणारे, नखाएवढी पिल्लं आणि तळहाताएवढ्या माद्या, सगळे. जे महिनोन्‌महिने बिळाबाहेर तोंड काढत नाहीत, तेही.

खिडकीतून गार वारा येत असेल, असं तिने मानलं. फटींना चिकटपट्टी लावली. दोन डब्या उलट्या फिरवून ठेवल्या आणि चहा करायला गेली. ती परत आली तोवर दोन्ही कोळी पुन्हा पश्चिमेला येऊन बसले होते. त्या संध्याकाळी तिने वीसेक डब्या न्हाणीघरात नेल्या, जिथे खिडकीच नव्हती. मंगळवारी सकाळी तिथेही तेच.

बुधवारी दुपारी तिमोनचा फोन आला. तिमोन दक्षिणेकडे झेशुवला राहायचा. दातांच्या कवळ्या बनवायचा, आणि तिच्याकडचे तीसेक कोळी त्याने पाळले होते.

"ओतिल्याबाई, हसू नका. माझे सगळे एका भिंतीला जाऊन बसलेत."

"पश्चिमेच्या," ती म्हणाली.

"नाही. दक्षिणेच्या."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "गोल डबीतला एखादा आहे ना? शेजारी होकायंत्र ठेव आणि वरून फोटो काढून पाठव."

तिने आणखी सहा-सात गिऱ्हाइकांना तेच सांगितलं. ओल्श्टिनची एक शिक्षिका, किनाऱ्यावरच्या ग्दिन्यातला एक लोहार, आणखी काही जण. कारण काहीच सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत फोटो आले. तिने नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि कोळी ज्या बाजूला सरकले होते, त्या दिशांच्या रेघा ओढल्या. एक रेघ जर्मनीत गेली, एक समुद्रात, एक डोंगरात. जुळणी काहीच नव्हती. तिला हायसं वाटलं. ज्याला जुळणी नाही त्याला अर्थही नसतो.

पेन ठेवून ती खोलीत गेली, आणि सगळ्यात जुन्या मादीपाशी वाकली. सोळा वर्षांची, संथ, कधीही न चिडणारी. तिचं पोट पश्चिमेच्या भिंतीला दाबलेलं होतं. तोंड मात्र पूर्वेला होतं. पुढचे चारही पाय उंच उचललेले, दात उघडे.

ती कशाकडे गेली नव्हती. ती कशापासून तरी मागे हटली होती.

ओतिल्या टेबलाशी परत आली आणि प्रत्येक रेघ उलट्या दिशेने वाढवली. आठही रेघा एका ठिकाणी भेटल्या. ईशान्येला, ब्याविस्तोकच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला.

गुरुवारी रेघा तिथेच भेटल्या. शुक्रवारी सकाळच्या फोटोंत मात्र दिशा बदललेल्या होत्या. या वेळी त्या वॉर्साच्या बाहेर, हमरस्त्यालगत मिळाल्या.

शनिवारी तिथेच. रविवारीही तिथेच, केसभर न हलता.

रविवारी दुपारी ती सूप गरम करत होती. ते अंतर, ते थांबणं तिच्या डोक्यात घोळत होतं. चमचा ढवळता ढवळता तिचा हात थांबला. रात्रीत एवढं अंतर कापायचं, शहराबाहेर मुक्काम करायचा, आणि शनिवार-रविवार जागचं हलायचं नाही. अकरा वर्षं ती ज्या वेळापत्रकाशी झगडत होती, ते हेच होतं.

ते टपालाने येत होतं.

मग तिला नोव्हेंबरमधली ती मागणी आठवली. ब्याविस्तोकपलीकडच्या कुठल्याशा वस्तीचा पत्ता, सहीत फक्त आडनाव. पत्रात एकच ओळ होती: कोळी कोणताही चालेल, डबी मोठी पाहिजे. ती तेव्हा हसली होती आणि तिने एक तरुण मादी सर्वांत मोठ्या डबीत बांधून पाठवली होती. पोचल्याचं उत्तर कधी आलं नाही. पार्सल कोणी घेतलं नसेल तर पंधरा दिवसांत परत यायला हवं होतं. दोन महिने ते कुठे होतं?

सोमवारी सकाळी तिने टपालाच्या चौकशीला फोन केला. पलीकडच्या बाईने दोनदा शोधलं. "तुमच्या नावावर काहीच येत नाहीये, बाई. आनंदच माना, थंडी किती आहे."

त्या सोमवारी तिने एकही कोळी बांधला नाही. ती खाली गेली आणि क्लेमेन्सना म्हणाली, "उद्या माझं काही आलं तर घेऊ नका. परत पाठवा."

"का हो? मेलेलं काही आहे?"

"ठाऊक नाही. पण घेऊ नका."

तिचा चेहरा पाहून त्यांनी थट्टा आवरली. "नाही घेणार," ते गंभीरपणे म्हणाले. "टपालवाल्याचा शब्द."

मंगळवारी सकाळी आठ वाजता ती कोळ्यांच्या खोलीत खुर्ची टाकून बसली. बाहेर बर्फ पडून गेलं होतं, आकाश राखाडी होतं. दाराच्या बझरचा स्पीकर तिने हाताशी ओढून ठेवला होता. खालून कोणी बटण दाबलं की फक्त 'नको' म्हणायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

साडेनऊला कोळी हलू लागले.

इतक्या दिवसांत तिने त्यांना जागा बदलताना पाहिलं नव्हतं. आता दोनशे डब्यांत एकाच वेळी बारीक सरसर सुरू झाली, कोरड्या पानांवरून कोणी हळू चालावं तशी. ते पश्चिमेकडून वायव्येला सरकले, मग उत्तरेला. थांबले. पुन्हा सरकले. पूर्वेला आले, परत उत्तरेला. गाडी गल्ल्यांतून फिरत होती. ती कुठल्या वळणावर वळतेय ते ओतिल्याला बसल्या जागी कळत होतं. बेकरीपाशी. शाळेपाशी. चर्चच्या मागे.

अकरा वाजून दहा मिनिटांनी सगळे एकदम रस्त्यापासून लांबच्या भिंतीला जाऊन चिकटले. खाली गाडीचं दार सरकल्याचा आवाज आला.

तिने स्पीकर कानाला लावला.

बझर वाजलाच नाही.

गाडी निघून गेली. ओतिल्याने श्वास सोडला आणि डब्यांकडे पाहिलं. एकही कोळी भिंतीला नव्हता. एक-एक करून ते वर चढत होते. पाय जेमतेम धरतील अशा गुळगुळीत प्लास्टिकवरून घसरत, पडत, पुन्हा चढत. जड माद्यासुद्धा, ज्यांना एवढ्या उंचीवरून पडणं म्हणजे मरण. थोड्या वेळात सगळे झाकणांना उलटे लटकले होते.

वर कौलं होती. मग खाली काय होतं, हे समजायला तिला एक क्षण लागला.

ती अनवाणी जिना उतरली. क्लेमेन्सचं दार उघडंच होतं. ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. पुढ्यात तिचं खोकं, तिची चिकटपट्टी, तिची टपोरी अक्षरं. खोकं उघडलेलं होतं.

"तुम्ही शब्द दिला होता," ती म्हणाली.

"मी नाहीच म्हणणार होतो." त्यांचा आवाज अगदी हळू होता. "तो टपालवाला जिन्यात भेटला, आणि मी नाहीच म्हणणार होतो. चौतीस वर्षांत मी दुसऱ्याचं पाकीट कधी उघडलं नाही, ओतिल्याबाई. उजेडात धरूनसुद्धा पाहिलं नाही."

"आत काय होतं?"

"रिकामं होतं."

"मग एवढं हळू का बोलताय?"

त्यांनी खोकं तिच्याकडे सरकवलं. तिने डबी हातात घेतली. कागद तिच्याच घडीचा होता, वाळून कडक झालेला. मादी नव्हती, तिचा पाय नव्हता, केस नव्हता. मधला खळगा मात्र ताजा होता, दाबलेला, ओलसर. आणि कोळी बसतो त्यापेक्षा फार खोल.

खोकं तिने वर आणलं आणि मुद्दाम मांडणीपाशी ठेवलं. कोळ्यांनी त्याची दखल घेतली नाही. ते झाकणांना लटकूनच राहिले.

दुपारी चार वाजता ते खाली उतरले आणि दारापासून लांबच्या भिंतीला चिकटले. जिन्यावर पावलं वाजली. मग बेल.

क्लेमेन्स होते. अंगात स्वच्छ सदरा, केस नीट विंचरलेले.

"येऊ का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता उंबरा ओलांडून सरळ कोळ्यांच्या खोलीत गेले.

ते मांडण्यांच्या मधोमध उभे राहिले. हात मागे बांधून, संग्रहालयात आल्यासारखे, एकेका रांगेवरून हळूहळू फिरले. ते जिकडे जात तिकडचे कोळी उलट्या बाजूला सरकत. गव्हाच्या शेतातून वारा जावा तशी ती हालचाल त्यांच्यासोबत खोलीभर फिरत होती.

"काय सुंदर आहेत," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी उगाच घाबरलो."

ओतिल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"ओतिल्याबाई," त्यांनी वळून विचारलं, आणि त्यांचा चेहरा खरंच कष्टी झाला होता, "हे माझ्यापासून लांब का जाताहेत?"

ती वाटेतून बाजूला झाली. त्यांनी मान हलवली आणि ते खाली निघून गेले. जिन्यावर त्यांची पावलं पहिल्या तीन पायऱ्यांनंतर ऐकू आली नाहीत.

त्यानंतर तीन आठवडे कोळी दिवसरात्र झाकणांना लटकत राहिले. चौदा पडून मेले. क्लेमेन्स रोज सकाळी वर्तमानपत्र आणायला जाताना दिसत. कोट दर दिवशी थोडा अधिक सैल. "डॉक्टरांना दाखवा," ती म्हणाली. "दाखवलं. सगळं ठीक आहे म्हणाले. मलाही बरं वाटतंय. अगदी हलकं," ते म्हणाले, आणि तिची विचारपूस केली, जशी ते नेहमी करत. तिने स्वतःला समजावलं की म्हातारपण आहे. त्यांना खरं काय सांगणार होती ती? कोळी तुम्हाला भितात, एवढंच ना?

चौथ्या आठवड्यातल्या एका सकाळी ते वर्तमानपत्राला गेले नाहीत. दहा वाजता ती खाली गेली. दार लोटलेलं होतं. ते आरामखुर्चीत बसले होते, डोळे उघडे, अंग गार. उजवा हात खुर्चीच्या हातावर उताणा पडलेला, कोणाकडे काही मागावं तसा. ओतिल्याला भडभडून आलं. ज्या माणसाने इतकी वर्षं तिची पार्सलं भीत भीत का होईना सांभाळली, त्याचं दुखणं ती वरच्या मजल्यावरून नुसती बघत राहिली होती. तिने त्यांचे डोळे मिटले आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन, रुग्णवाहिका येईपर्यंत तिथेच बसून राहिली.

दोन माणसं आली. त्यांनी क्लेमेन्सना उचललं, आणि उचलताक्षणी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांतल्या एकाने दुसऱ्याला खूण केली, आणि एकट्याने, एका हाताने त्यांना स्ट्रेचरवर ठेवलं.

ती वर आली तेव्हा कोळी झाकणांवरून उतरले होते. भिंतींशी बसले होते, पण खाली होते. ती रडली, आणि त्या रडण्यात सुटकाही होती, याची तिला लाज वाटली.

तरी आता तिला त्या खोलीत राहवेना. तिने तिमोनला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्याकडे पाठवा सगळे. माझ्याकडे जागा आहे, आणि ओळखीचे आणखी चार-पाच जण घेतील. तुम्ही जरा बहिणीकडे जाऊन या."

एवढे कोळी एका सोमवारी बांधून होणार नाहीत असं तिला वाटलं होतं. पण काम कधी नव्हे इतकं पटापट झालं. ब्रश उचलावाच लागला नाही. तिने डबीमागे हात नेला की कोळी झरकन पुढे सरकून खळग्यात शिरत होता आणि कागदाखाली अंग चोरून बसत होता. दुपारपर्यंत शेवटचं खोकं बंद झालं. बुधवारी सगळीकडून निरोप आले, एकही दगावला नव्हता.

ती रिकामी खोली झाडून, कुलूप लावून, गुरुवारच्या सकाळच्या गाडीने ग्दिन्याला बहिणीकडे गेली. इडा फलाटावर उभी होती. तिने मिठी मारली, नावं ठेवली, घरी नेऊन मासे आणि बटाटे वाढले. समोर समुद्र होता. ओतिल्या कित्येक दिवसांनी पोटभर जेवली आणि दुपारी खिडकीशी शाल घेऊन बसली. इडा तिच्या शेजारी येऊन टेकली.

तेवढ्यात फोनवर तिमोनचा निरोप आला. त्यासोबत नकाशाचा फोटो होता.

"काळजी करू नका, पण सांगायला हवं. कालपर्यंत सगळे जागच्या जागी होते, सकाळपासून पुन्हा सरकायला लागलेत. मी सगळ्यांकडून फोटो मागवले आणि तुमच्यासारख्याच रेघा ओढल्या. ते दुपारपर्यंत उत्तरेला जात होतं, टपालापेक्षा वेगात, अगदी रेल्वेच्या मार्गाने. आता तासाभरापासून थांबलंय. ग्दिन्यात, समुद्राकडच्या बाजूला. तुमची बहीण तिथेच राहते ना? तिला जपायला सांगा."

ओतिल्याने निरोप दोनदा वाचला.

"कोणाचं गं?" इडाने विचारलं. "अशी पांढरी का पडलीस? आण बघू, हात किती गार झालाय."

ओतिल्या हात मागे ओढायला गेली. पण इडाने तो आधीच आपल्या दोन्ही हातांत घेतला होता आणि ती तो चोळत होती.